दुखवट्याची सुट्टी

नंदे,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. प्राचार्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, मी दोनदा मान हलवली. बाकी सगळे बोलले. तू शांत होतीस म्हणे. मनमिळाऊ होतीस. चिलटांच्या कपाटाचं दार कुणी अर्धवट लावलं की तू कसा आवाज काढायचीस, हे ज्यांनी कधी ऐकलं नाही ते असंच बोलणार. मी मागच्या बाकावर बसले होते आणि जीव सगळा वरच्या मजल्यावर होता, तुझ्या काचेच्या नळ्यांपाशी.

त्या नळ्यांचं काय झालं हे सांगायला लिहितेय. तू वाचणार नाहीस, हे कळण्याइतकी मी शुद्धीवर आहे. पण दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं की आधी अर्धा तास समजावावं लागतं, आणि शेवटी समोरचा विचारतो, "माशाच होत्या ना?"

माशाच होत्या. आमच्या अर्धापूरच्या होत्या. माझ्या माहेरी केळी पिकवायची वखार, तिथं तू जॅमची रिकामी बाटली घेऊन उकिडवी बसलीस आणि आप्पा चकित होऊन बघत राहिले. "पोरी, केळी ने की घडभर. चिलटं कशाला नेतीस?" तू म्हणालीस, "आप्पा, केळी काय, बाजारात बी मिळतेत. तुमच्या वखारीतलं चिलट कुठं मिळतंय?" आप्पांना ती तारीफ वाटली. पुढं कितीतरी दिवस ते पाहुण्यांना सांगायचे, की आमच्या वखारीची चिलटं कॉलेजात शिकायला आहेत.

त्या बाटलीतल्या एका मादीपासून तुझ्या सगळ्या लाइनी निघाल्या. एका आईची लेकरं वेगवेगळ्या नळ्यांत घातली, आणि तिथून प्रत्येक नळीचं घराणं वेगळं. दर पिढीला एका नळीतून एक नर, एक मादी, सख्खे भाऊबहीण, उचलून नव्या नळीत टाकायचे. पुढच्या पिढीला पुन्हा तेच. लाइनींना नंबर द्यायचं माझ्या मनात होतं, मी तक्ता आखूनही आणला होता. तू ऐकलं नाहीस. "नंबरानं कुणी हाक मारतं का?" म्हणालीस, आणि नांदेडहून लातूरला जाताना लागणारी आणि न लागणारी सगळी गावं नळ्यांवर चिकटवून टाकलीस. लोहा, अहमदपूर, चाकूर, मुरुड, उमरी. गावं संपली तेव्हा वाड्या-तांडे सुरू केलेस.

त्या एसटीतला प्रसंग आठवतो तुला? तू गावाला निघाली होतीस, मला लातूरला काम होतं. तू मोठ्या आवाजात सांगत होतीस, "सुरे, उमरीत या खेपेला पोरंच झाली नाहीत गं. आणि चाकूरची एकच मादी उरली, ती पण लंगडी." पुढच्या सीटवरचे टोपीवाले आजोबा वळून म्हणाले, "बाई, चाकूरला काय साथ आली की काय? माझी लेक दिलीय तिथं." तू त्यांना हसत हसत सगळं समजावलंस. आजोबा विचार करून म्हणाले, "मंजे तुम्ही सरकारी पगार घेऊन चिलटाचे सोयरपण जुळवता?" आणि तू म्हणालीस, "हाव आजोबा. सख्ख्या भावाबहिणीचं." त्यानंतर अहमदपूर येईपर्यंत ते आपल्याशी बोलले नाहीत.

त्यांना सांगून झालं नाही, की हे सगळं कशासाठी. मला तू ज्या दिवशी सांगितलंस तो दिवस आठवतो. तुझी आई, अव्वा, रोज वहीत 'ॐ नमः शिवाय' लिहायची. लहानपणी तिनं तुला एक भरलेलं पान दिलं आणि म्हणाली, अगदी असंच दुसरं उतरव. तू उतरवलंस, मग दोघींनी मोजलं तर एक कमी. पुन्हा उतरवलंस, एक जास्त. तू मला म्हणालीस, "गोष्ट उतरवताना शब्द गळाला तर वाक्य मोडतं, लगेच कळतं. पण तेच ते उतरवताना एक कमी झालं काय, एक जास्त झालं काय, देवाला पण चालतं. म्हणून तिथं चूक जास्त होते." आपल्या डीएनएत, माशीच्याही, अशी पानंच्या पानं आहेत. तीच ती अक्षरं, तोच तो तुकडा, पुन्हा पुन्हा. पुष्कळ काळ लोक त्याला कचरा म्हणत होते. दर पिढीला पेशी ते पान उतरवते आणि मोजणीत घसरते. ती किती वेळा घसरते, एवढाच तुझा प्रश्न होता. कुठल्या तुकड्यात जास्त, कुठल्यात कमी. माणसात काही जागी इतकं घसरतं, मग माशीत तशाच आखूड तुकड्यांवर इतकं सावरून का चालतं. आणि जे लांबच लांब पट्टे आहेत, त्यांचं काय होतं.

आणि माणूस मेला की त्याचं पान उतरवणं थांबतं. हे तू कधी बोलली नाहीस. मी आता बोलतेय.

आपली भांडणं दोनच होती. पहिलं लवकर मिटलं. मी पहिल्यांदा नळी बदलायला बसले तेव्हा ईथरनं झोपवलेल्या माशा टेबलावरच्या पांढऱ्या फरशीवर पसरल्या आणि ब्रशनं त्यातली चांगली धडधाकट जोडी बाजूला घेतली. तू माझ्या हातावर चापट मारलीस. खरोखरची चापट, पोराला मारतात तशी.

"काय निवडून राहिलीस? भाजी आहे का ती?"

"अगं, मरतुकडी घेऊन काय करायचं? पुढची पिढी नको का नीट यायला?"

"पहिली दिसेल ती घ्यायची. लंगडी तर लंगडी. बाहेर निसर्ग रोज चाळण लावून बसलाय, चुकीची अक्षरं घेऊन जन्मलेल्याला गाळून टाकतोय. मला गाळलेलं पाहिजे. चाळणीच्या आधीचं. तू जर इथं बसून चाळायला लागलीस, तर मग मी वर्षानुवर्षं काय मोजणार? तुझी आवड?"

मला ते पटायला वेळ लागला. आयुष्यभर तांदूळ निवडले, उत्तरपत्रिका निवडल्या, घरात कुठली वस्तू ठेवायची कुठली टाकायची त्याच्या याद्या केल्या. हात आपोआप चांगल्याकडे जातो. तुझ्या टेबलावर मी तो हात थांबवायला शिकले.

दुसरं भांडण मिटलंच नाही. कधी थांबायचं?

मी म्हणायचे, बास झाल्या पिढ्या. सगळ्या लाइनींमधल्या माशा अल्कोहोलमध्ये टाक, हैदराबादच्या प्रयोगशाळेला पाठव, ते डीएनएची अक्षरं वाचून देतील, जपून ठेवलेल्या पहिल्या माशांशी ताडून बघ, शोधनिबंध लिही. तू म्हणायचीस, अजून थोड्या. चूक साचायला वेळ द्यावा लागतो, सुरे. मी म्हणायचे, तुझी चूक साचेस्तोवर आपण दोघी पेन्शन घेऊन राहू. तू म्हणायचीस, मग पेन्शनीत करू. शेवटी प्रत्येक वेळी तू काहीतरी एक मुद्दा काढायचीस, दर वेळी वेगळा, आणि मी गप्प व्हायचे. चिडून नव्हे. तो मुद्दा बरोबर असायचा म्हणून. एकदा म्हणालीस, "आत्ता थांबलो तर लांब पट्ट्यांबद्दल जे हाती येईल ते नुसतं कानावर आलेलं असेल, पाहिलेलं नाही."

त्या शुक्रवारीही आपण याच विषयावर होतो. तू मुरुडला, घरी, निघाली होतीस. जिन्यात म्हणालीस, सोमवारी आल्यावर बोलू. मी म्हणाले, सोमवारी नळ्या बदलायच्या आहेत, बोलायला वेळ कुठाय. हे आपलं शेवटचं बोलणं. एवढ्या वर्षांच्या मैत्रीचं शेवटचं वाक्य माझं, आणि ते कामाच्या वेळापत्रकाचं.

शनिवारी सकाळी फोन आला. मेंदूत रक्तस्राव, लातूरच्या दवाखान्यात नेईपर्यंतही तू राहिली नाहीस. मी मिळेल त्या गाडीनं मुरुडला पोचले तेव्हा तुला बसवलं होतं. तुम्हा लिंगायतांकडं बसवून मातीत ठेवतात हे मला ऐकून माहीत होतं, पण तुला तसं बसलेलं बघितलं आणि वाटलं, आता ही डोळे उघडून मला म्हणणार, दार लाव. कपाळभर विभूती, हातात इष्टलिंग. तू कित्येक वर्षं गळ्यात घातलं नव्हतंस, अव्वानं स्वतःच्या हातानं तुझ्या तळव्यावर ठेवलं. कुणी तिला काही म्हणालं नाही. तूही म्हणाली नसतीस.

मातीवरून आल्यावर अव्वानं मला ओट्यावर बसवलं.

"तुजी गाडी कवा हाय?"

"मी राहते दोन दिवस, अव्वा."

"कशाला? आमच्यात सुतक न्हाई बाई. आमी शिवतो-गिवतो सगळ्याला. सोमवारी तिचं कायतरी असतंय, चिलटाचं. मला फोनवर सांगायची. जा, तेवढं बघ. ती गेली म्हणून चिलटाला काय ठावं?"

मी गेले नाही. अव्वाला भाकरीही थापता येत नव्हती, घरी दुसरं कुणी नाही. मला वाटलं, सोमवारी पहाटेची गाडी धरली तरी नळ्या वेळेवर बदलता येतील. माशा पंचवीस अंशांच्या कपाटात, खायला मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट. एक दिवस इकडं तिकडं काय होतं. माझं गणित बरोबर होतं, नंदे. मी ते अजूनही रोज तपासते. ते बरोबरच येतं.

तू गेल्याचं कळल्यावर कॉलेजनं शनिवारी दुपारपासून सुट्टी दिली. तुझ्या दुखवट्याची. आणि सुट्टी म्हटलं की आपल्याकडं शिपाई व्यंकटीमामा व्हरांड्यातल्या बोर्डावरचा मेन स्विच पाडतात. शॉर्टसर्किट झाल्यापासून तसा नियमच आहे. एरवी प्रत्येक सुट्टीला तू स्वतः त्या बोर्डापाशी उभी राहायचीस आणि तुझ्या कपाटाची लाइन चालू ठेवून बाकीची पाडायला लावायचीस. माझ्या सुट्टीच्या यादीत हे कलम नव्हतं. कारण तिथं तू असायचीस.

सोमवारी सकाळी मी विभागाचं कुलूप काढलं आणि दारातच कळलं. कपाटाची घरघर नव्हती. बाहेर ऊन भाजत होतं, आत खोली भट्टी झाली होती. कपाटाचं दार उघडलं तर आतला वारा माझ्या तोंडावर आला तो बाहेरच्यापेक्षा गरम.

व्यंकटीमामा मागून आले. माझ्याकडं बघितलं, कपाटाकडं बघितलं.

"म्याडम, सुट्टी होती म्हणून पाडला. आन् ही तर नंदाम्याडमची सुट्टी. म्हनलं, आज तरी नीट करावं, इज्जतीनं. एक बी दिवा चालू ठिवला न्हाई म्या."

ते तिथंच जिन्यात बसले आणि डोक्यावरची टोपी काढून तिच्यात तोंड घालून रडले. तुझ्यासाठी कॉलेजात सगळ्यात मनापासून दुखवटा त्यांनीच पाळला होता.

वरच्या खणातलं सगळं संपलं होतं. लोहा गेलं. अहमदपूर गेलं. तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, खाली सुकलेल्या गुळाच्या थरावर काळे ठिपके. मी एकेक नळी उजेडाला धरत होते आणि एकेक गाव वाचत होते. मधल्या खणात काही काही. खालच्या खणात, फरशीच्या गारव्याला, बऱ्याच नळ्यांत माशा हलत होत्या. चाकूर होतं. मुरुड होतं. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली.

स्विच चढवला, नवं खाद्य शिजवलं, जिवंत होत्या त्या नव्या नळ्यांत टाकल्या. मग शोकसभा. मग वाट बघणं.

तुला माहीत आहे कशाची. मादी अंडी घालते, अळ्या निघतात, आणि खाद्याचा गुळगुळीत थर उकरल्यासारखा होतो. एरवी एक-दोन दिवसांत दिसतं. या वेळी थर तसाच राहिला. आरशासारखा. नर जिवंत होते, पण उष्णतेनं नापीक झालेले. तूच म्हणायचीस, उन्हाळ्यात नर रुसतात, थंडावा दिला की काहींचं परत जमतं. काहींचं. कितींचं? किती दिवसांनी? हे तू कधी सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. तुझ्या कपाटाला उन्हाळा कधी लागलाच नव्हता.

दर सकाळी काही माशा खाद्यावर पडलेल्या दिसायच्या. चिकटलेल्या, पंख पसरलेले. मी हैदराबादला फोन केला. तिथल्या बाई नीट बोलल्या. म्हणाल्या, जिवंत माशा आज अल्कोहोलमध्ये टाकल्यात तर आजवरच्या सगळ्या पिढ्यांच्या चुका त्यांच्यातून मोजता येतील. मरून, कुजून गेलेल्यांची खात्री नाही. थांबायचं की वाट बघायची हे तुम्हीच ठरवा, मॅडम.

मी कशी ठरवू? तुझं आहे ते. वाट बघितली आणि नर सावरले, तर तुझ्या लाइनी चालू राहतील, तुला हव्या होत्या त्या पिढ्या होतील. वाट बघितली आणि सावरले नाहीत, तर तेवढ्या दिवसांत उरलेल्या माशा म्हातारपणानं मरतील आणि इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्या खाद्यात कुजेल. एका नळीतला सावरलेला नर दुसऱ्या नळीत टाकला तर कदाचित अळ्या होतील, पण मग घराणी मिसळली, मोजायला उरलं काय? अर्धापूरला वखारीत हवी तेवढी चिलटं आहेत. आज संध्याकाळी बाटली भरून आणता येईल. त्यांचा काय उपयोग?

मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं तुझ्याशी बोलायला लागले. व्यंकटीमामांनी दार लोटून बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं. "बोल ना," मी म्हणत होते. "एवढं भांडायचीस, आता बोल." सगळ्या गोष्टींचे दोन रकाने करून निर्णय घेणारी मी, कागद घेतला, रेघ मारली, एका बाजूला थांबायचं लिहिलं, एका बाजूला वाट बघायची. दोन्ही रकाने कोरे राहिले.

मुरुडच्या नळीत त्या सकाळी फक्त मादी उभी होती. नर पडला होता. चाकूरमध्ये दोघं होते, पण मादी भिंतीवरून पुन्हा पुन्हा घसरत होती.

दुपारी मी अल्कोहोलच्या कुप्या काढल्या. प्रत्येकीवर गावाचं नाव लिहिलं. ईथर दिला, एकेक माशी ब्रशनं उचलली, कुपीत सोडली. त्या बुडतात तेव्हा आधी एक छोटा बुडबुडा निघतो. हात थरथरला नाही. माझे हात अशा कामाला कधीच थरथरत नाहीत, हेच मला त्या वेळी सहन होत नव्हतं. शेवटची कुपी लावून झाली तेव्हा कपाटात हलणारं काही राहिलं नाही. कपाट चालूच होतं. मी ते बंद केलं नाही. आजही चालू आहे, रिकामं, पंचवीस अंशांवर.

संध्याकाळी अव्वाचा फोन आला. ती रोज करते.

"चिलटं कशी हायत गं?"

"अव्वा, मी ती ठेवली अल्कोहोलात. सगळी."

"मंजे?"

"मंजे मेली, अव्वा. पण मोजता येतील. तिला जे बघायचं होतं त्यातलं बरंच बघता येईल."



"तिनं सांगितलं व्हतं का, असं कर म्हणून?"

"न्हाई. म्या ठरवलं."

"बरं. लई भांडली असती बघ ती तुला."

"हाव, अव्वा."

कुप्या पुढच्या आठवड्यात मी स्वतः हैदराबादला घेऊन जाणार आहे. कुरिअरवर माझा विश्वास नाही. अक्षरं येतील, पहिल्या माशांशी ताडून बघू, जे निघेल ते निघेल. निबंधावर तुझं नाव पहिलं असेल. मला हे सगळं करता येतं. तुझ्याबद्दल कृतज्ञ राहणंसुद्धा मला नीट जमेल, थोड्या दिवसांनी. तू मला एक गोष्ट शिकवलीस जी घरादारात कुणी शिकवली नसती, लंगड्याला लंगडं म्हणून बाजूला न सारण्याची. पण ते नंतर. आत्ता नाही.

आत्ता मी दिवसभर ते भांडण करते. भाजी चिरताना, तास घेताना, जिन्यात. तुझ्या बाजूनं मीच बोलते, माझ्या बाजूनंही मीच. वाट बघ, अजून थोडी. नको नंदे, मरून राहिल्यात त्या. मग तू काढायचीस तो शेवटचा मुद्दा. इथपर्यंत येते आणि अडते. कितीही प्रयत्न केला तरी तो मला सुचत नाही. आजवरचे तुझे सगळे मुद्दे पाठ आहेत, त्यातला कुठलाच इथं चालत नाही. नवाच काढला असतास तू. आणि तो बरोबर असता.

काय असता तो, नंदे?